आइस फिशिंग : पाण्याखालचा कॅमेरा घ्यावा की फ्लॅशर?

बर्फातला_बंडू | ७ डिसेंबर, रात्री ११:१०

मंडळी, एक सल्ला हवाय. इथे बर्फावर मासे पकडणारे किती जण आहेत माहीत नाही पण मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारियोवाले बरेच दिसतात म्हणून धागा काढतोय. चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सेंट पॉलजवळ राहतो, मूळ चिपळूण. पूर्वानुभव म्हणजे लहानपणी काकाबरोबर वाशिष्ठीवर गरवायला जायचो तेवढाच, आणि त्यातही माशापेक्षा दगडच जास्त लागायचे गळाला. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्याने बर्फात भोक पाडायचा जुना, हाताने फिरवायचा ऑगर आणि दोन रॉड दिले आणि तो किडा डोक्यात शिरला. ११ वेळा गेलो, ७ मासे मिळाले, त्यातले ४ इतके बारके की मांजरानेही नाक मुरडलं असतं. दिवसभर भोकाकडे बघत बसायचं आणि खाली काही आहे की नाही याचा पत्ता नाही. शेजारच्या तंबूत मात्र एक गोल डबडं गुरगुरत असतं आणि दर दहा मिनिटांनी आरोळी.

तर यंदा काहीतरी यंत्र घ्यायचं ठरवलंय. घरून ५०० डॉलर मंजूर झालेत, त्याच्या वर एक डॉलर मागितला तर मलाच भोकात सोडतील. एवढ्यात एक वस्तू येते, सोनारवाला फ्लॅशर (आवाज खाली सोडून खोली आणि मासे दाखवणारं डबडं) नाहीतर पाण्याखालचा कॅमेरा. बहुतेक शनिवारी व्हाइट बेअर लेकवर जातो, बरोबर मुलगी असते, वय ९. सीझनमध्ये एकदा-दोनदा ऑफिसातल्या एकाबरोबर मिल लॅक्स तलावाला. व्हिडिओ बघून बघून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण स्वतःकडे जे आहे तेच भारी म्हणतो. तुमचा अनुभव सांगा.

पहारवाला | ७ डिसेंबर, रात्री ११:५२

फ्लॅशर. धागा बंद करा.

बरं, जरा नीट लिहितो. १८ हिवाळे झाले मला इथे डुलुथमध्ये. पहिले चार तुझ्यासारखेच काढले, बादलीवर बसून. मग सेकंडहँड वेक्सिलारचा एफएल-८ फ्लॅशर घेतला, तो अजून चालतोय. गोल तबकडी असते बघ, वर १२ च्या जागी शून्य, तिथून घड्याळासारखं खोल खोल जायचं. तळ म्हणजे जाड लाल पट्टा. तुझा जिग (गळ बसवलेलं छोटं वजनदार आमिष) म्हणजे बारीक रेघ, रॉड हलवला की ती रेघही हलते, तिथल्या तिथे, उशीर नाही. आणि मग कधीतरी लाल पट्ट्यातून एक हिरवी रेघ सुटते आणि वर यायला लागते. हिरव्याची केशरी होते, केशरीची लाल होते, म्हणजे मासा कडेकडून तुझ्या बरोबर खाली येतोय. त्या दहा सेकंदांत छातीत जे होतं ते लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही झालं नव्हतं.

मुख्य मुद्दा हा की बर्फावर मासे शोधायला लागतात, ते तुझ्याकडे चालत येत नाहीत. एक भोक, पाच मिनिटं बघ, काही नाही, पुढचं भोक. बर्फ काचेसारखा पारदर्शक असेल तर भोकसुद्धा पाडावं लागत नाही, वर थोडं पाणी ओत, ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) त्यात टेकव, खोली आणि मासे दोन्ही दिसतात. हे कॅमेऱ्याने करून दाखवा. १९८० च्या दशकात डेव्ह गेन्झ नावाच्या आमच्याच मिनेसोटाच्या माणसाने ही फिरती मासेमारी लोकांना शिकवली, हलका ओढायचा तंबू आणि फ्लॅशर घेऊन. त्याआधी लोक बर्फावर एक शॅक, म्हणजे खोपटं, लावायचे आणि अख्खा हिवाळा तिथेच पत्ते कुटायचे.

सिमको_काकू | ८ डिसेंबर, सकाळी ७:२०

अहो पहारवाले, धागा बंद कसला करताय, आमचं ऐकून तरी घ्या!

मी बॅरीला असते, ओंटारियो. लेक सिमकोवर कुक्स बेमध्ये १०-१५ फूट पाण्यात पर्च मासे मारतो आम्ही दोघं, वनस्पतींच्या कडेकडेने. पाणी इतकं नितळ की उजेड असेल तर भोकातून डोळ्यांनीच तळ दिसतो. तिथे मी चार वर्षं फ्लॅशर वापरला आणि मग कॅमेरा घेतला आणि पहिल्याच दिवशी मला स्वतःची लाज वाटली. कारण मला वाटायचं मासे चावत नाहीत. चावत होते हो! पर्च येतो, जिग तोंडात ओढून घेतो, नाही आवडलं की फुर्र करून थुंकतो आणि वर रॉडच्या टोकाला ढिम्म काही कळत नाही. फ्लॅशरवर हे फक्त दोन रेघा एक झालेल्या दिसतात. आता मी हातावर थांबतच नाही, स्क्रीनवर जिग तोंडात गेलं की झटका. आमच्या ह्यांचं आणि माझं यावरून जुंपतं, ते म्हणतात ही चीटिंग आहे. त्यांचे मासे कमी असतात म्हणून म्हणतात.

आणि बंडूभाऊ, तुमच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी आहे हे पहारवाल्यांनी वाचलंच नाही बहुतेक. हिरवी रेघ-लाल रेघ बघत ती किती वेळ बसेल? कॅमेऱ्यावर मासा दिसतो, मासा! माझा भाचा पाच तास हलला नव्हता.

खिडकीची_जागा | ८ डिसेंबर, दुपारी १२:४५

मी ठाण्याहून वाचतोय, माशाचा आणि माझा संबंध खानावळीपुरता. बाळबोध शंका, हसू नका. तलाव गोठलाय म्हणता, मग मासे कुठे असतात? आणि वर गाडी घेऊन जातात असं ऐकलंय ते खरं का?

घनफळ | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

@खिडकीची_जागा, शंका चांगली आहे. पाणी सर्वात जड असतं ४ अंश सेल्सियसला, त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं. त्यामुळे तलाव वरून गोठतो, बर्फ तरंगतो आणि पांघरुणासारखा काम करतो, तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं. मासे तिथे सुशेगाद, फक्त थंडीमुळे सुस्त. खातात कमी, हलतात कमी, म्हणूनच एवढी यंत्रं लागतात.

गाडीचं पहारवाले सांगतील.

पहारवाला | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

खरं आहे, पिकअप घेऊन जातो आम्ही. पण आकडे पाठ पाहिजेत. इथल्या डीएनआरचा (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचा) सल्ला असा की चालायला नवा, टणक, पारदर्शक बर्फ निदान ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, छोट्या कारला ९-१०, मध्यम ट्रकला १३. बर्फ पांढरा असेल, म्हणजे त्यात हिम मिसळून गोठलं असेल, तर हे सगळं दुप्पट धरायचं. आणि एका जागी १० इंच म्हणजे सगळीकडे १० इंच नाही, झरा किंवा प्रवाह असेल तिथे दोन इंच असू शकतो. म्हणून पुढे पहार मारत मारत चालायचं, स्पड बार म्हणतात इथे, पण आहे ती आपली पहारच. माझं आयडी तिथूनच आलंय, विहीर खणण्यातून नाही.

बंडू, ५०० मधले ३०-४० आधी गळ्यात अडकवायच्या बर्फाच्या टोच्यांवर घाल, एक जोडी तुला, एक पोरीला. पाण्यात पडलास तर त्या रोवूनच वर येता येतं. मग उरलेल्यात यंत्र.

घनफळ | ८ डिसेंबर, रात्री ९:१५

थोडं गणित लिहितो, कारण फ्लॅशरला लोक देव समजतात आणि त्याचाही आंधळा कोपरा असतो.

फ्लॅशर साधारण २०० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडतो. एवढ्या थंड गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला १४०० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ३० फुटांवरच्या माशाला शिवून परत यायला सुमारे १३ मिलीसेकंद. म्हणून पहारवाले म्हणतात तसं जिग हलवलं की तिथल्या तिथे दिसतं. आता हा आवाज सरळ नळीसारखा जात नाही, शंकूसारखा पसरतो. १९ अंशांचा ट्रान्सड्यूसर असेल तर ३० फुटांवर त्याचं वर्तुळ १० फूट व्यासाचं, ९ अंशांचा असेल तर पावणेपाच फूट. मोठं वर्तुळ म्हणजे जास्त मासे दिसणार हे ठीक, पण मासा उत्तरेला आहे की दक्षिणेला ते कळत नाही, फक्त अंतर कळतं.

खरी गोची पुढे आहे. कडेची किरणं तिरकी जातात, म्हणजे लांब जातात. ३० फुटांवर १९ अंशांच्या शंकूच्या अगदी कडेला हा फरक साधारण ५ इंच पडतो, म्हणजे तिथे तळापासून ५ इंचांच्या आत असलेला मासा तळाच्या लाल पट्ट्यात विरघळून जातो. हे झालं सपाट तळाचं. तळ उतरता असेल तर विचारूच नका, उंच बाजूचा तळ आधी उत्तर देतो, यंत्र म्हणतं हाच तळ, आणि उताराच्या खालच्या बाजूला पोट टेकून बसलेले मासे तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतात. उतारावर बसायचं असेल तर अरुंद शंकू घ्या. व्हाइट बेअर बराच खोल आहे, ८० फुटांच्या वर जातो, तेव्हा उतार लागणारच.

हर्णैचा_हर्ष | ९ डिसेंबर, सकाळी ९:४०

बर्फ फक्त फ्रीजमध्ये आणि बोटीच्या खणात बघितलाय, तरी बोलतो कारण आमच्या भावाच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर आहे आणि तत्त्व तेच. नवीन माणूस फक्त मासा बघतो, जुना तांडेल आधी तळ बघतो. तळ जाड आणि ठसठशीत आला, त्याच्या दुप्पट अंतरावर पुन्हा एक फिकट पट्टा आला, म्हणजे खाली खडक किंवा कडक वाळू. तळ बारीक आणि मवाळ म्हणजे चिखल. ते एकदा वाचता आलं की मासा कुठे असेल त्याचा अर्धा अंदाज तिथेच लागतो. बाकी आमच्याकडे कॅमेरा सोडला तर गढूळ पाण्याशिवाय काही दिसायचं नाही, पावसाळ्यानंतर तर नाहीच.

पहारवाला | ९ डिसेंबर, सकाळी १०:३०

@हर्णैचा_हर्ष +१००. गढूळचा मुद्दा इथेही आहे. अप्पर रेड लेकला पाणी चहासारखं, आजूबाजूच्या दलदलीतून रंग उतरतो. खोली १५ फुटांच्या आसपास आणि वॉलआय मासे भरपूर, पण कॅमेरा नेलात तर चहाचा कप बघत बसाल. उलट मिल लॅक्समध्ये २००५ ला झीब्रा शिंपले सापडले आणि त्यांनी पाणी गाळून गाळून स्वच्छ केलं, तिथे कॅमेरा चालतो. काकूंच्या सिमकोलाही तेच शिंपले. तेव्हा काकू, तुमचं म्हणणं चूक नाही, तुमचं पाणी चांगलं आहे.

पण वॉलआयसाठी कॅमेऱ्याची खरी पंचाईत संध्याकाळी होते. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा मागे परावर्तक पडदा असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. तो खायला निघतो सूर्य बुडताना. आणि नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा होतो. पांढरा लाइट लावला तर पाण्यातला कचरा चमकतो, गाडीच्या हेडलाइटसमोर धुकं दिसतं तसं. इन्फ्रारेड लावला तर तो पाण्यात चार पावलंसुद्धा जात नाही. दिवसभर रिकामा तळ बघायचा आणि ऐन वेळी स्क्रीन काळी.

झूम_झूम | ९ डिसेंबर, दुपारी १:००

दोन्ही जुनाट आहे. लाइव्हस्कोप घ्या, पुढचं चालू चित्र दाखवणारा सोनार. २०१८ पासून आलंय, पुढे ५०-६० फुटांवरचा मासा कुठल्या दिशेला, कुठे चाललाय सगळं चालू चित्रात. भोकं पाडत फिरायचं काम संपलं.

सिमको_काकू | ९ डिसेंबर, दुपारी १:३५

त्यांचं बजेट ५०० आहे. बॅटरी, खांब सगळं धरून त्याच्या कितीतरी पट जाईल ते. धागा वाचायची पद्धत आहे आपल्याकडे.

झूम_झूम | ९ डिसेंबर, दुपारी १:४१

मग पैसे साठवा की, घाई काय आहे.

पहारवाला | ९ डिसेंबर, दुपारी २:१५

त्यावर वेगळा धागा काढ बाबा, इथे नको. ते घेतलेले लोक एक एक मासा हेरून टिपतात, आणि मग ४० फुटांवरून क्रॅपीचे थवेच्या थवे उपसतात. एवढ्या खोलून वर ओढलेला क्रॅपी सोडला तरी बहुधा जगत नाही, हवेची पिशवी फुगून उलटा पडतो. मग मोजून पाच ठेवले आणि तीस सोडले याला काय अर्थ. (इकडे त्याला क्रॉपी म्हणतात, क्रॅपी म्हटलं की दुकानदार हसतो.)

बर्फातला_बंडू | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. एक, कॅमेरा वापरायचा तर त्याला वेगळं भोक लागतं का? दोन, थंडीत बॅटरी किती टिकते? गेल्या जानेवारीत उणे २० फॅरनहाइटला माझा फोन दहा मिनिटांत मेला होता.

सिमको_काकू | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

आता खरं सांगते, कॅमेऱ्याची कटकट पण ऐका. हो, वेगळं भोक लागतं, रॉडपासून तीन-चार फुटांवर. कॅमेरा केबलवर गोल गोल फिरतो आणि आपलं जिग चौकटीत आणेपर्यंत सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं जातात. खाली तोंड करून बसवायची एक जोडणी मिळते, मग एकाच भोकातून सरळ खाली बघता येतं, पण त्यात सगळ्या माशांची टाळकीच दिसतात. मोठा मासा लागला की आधी केबल वर ओढायची, नाहीतर तो दोरीचा आणि केबलचा गोफ विणतो. एकदा पाइक माशाने आमची वेणीच घातली होती. आणि जागा बदलायची म्हणजे पन्नास फूट ओली केबल गुंडाळा, ती हवेत येताच काडीसारखी कडक.

म्हणजे एका जागी बसणाऱ्याला कॅमेरा, फिरणाऱ्याला नाही. तुम्ही कोण ते तुम्ही ठरवा.

घनफळ | १० डिसेंबर, सकाळी ८:१०

बॅटरी : शिसं-आम्लवाली १२ व्होल्टची थंडीत बरीच क्षमता गमावते पण फ्लॅशर मुळात खातो कमी, दिवस निघतो. कॅमेरा स्क्रीन आणि दिवे धरून जास्त खातो. लिथियम हलकी आणि टिकाऊ, पण एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर शून्य अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नाही, खराब होते. घरी आणा, तासभर माणसात येऊ द्या, मग चार्जिंगला लावा. आणि साध्या एलसीडी पडद्याला कडाक्याच्या थंडीत चित्र बदलायला आळस येतो, फ्लॅशरच्या फिरत्या दिव्याला येत नाही. जुनं तंत्र टिकून आहे ते यामुळेही.

पहारवाला | १० डिसेंबर, सकाळी ११:००

तंबूत प्रोपेनचा हीटर लावणार असशील तर वरची खिडकी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. पोरगी बरोबर असते म्हणून सांगतोय. बास, आता जा आणि घे काय ते.

बर्फातला_बंडू | २६ जानेवारी, रात्री ९:३०

मंडळी, अपडेट द्यायचं राहून गेलं, क्षमस्व.

फ्लॅशर घेतला. सेकंडहँड, तीन रंगांचा, १२ अंशांचा ट्रान्सड्यूसर, टोच्यांच्या दोन जोड्या आणि अलार्म धरून ५०० च्या आत बसलं. घरी बिलं दाखवली. पहिल्या शनिवारी मी दोन तास एका हिरव्या रेघेला जिग नाचवून दाखवत होतो, वर घे, खाली घे, थरथरव, ती रेघ हलेना. शेवटी कळलं की ते गवत आहे. गेन (यंत्राची संवेदनशीलता) खूप वर ठेवला होता. हर्षदादा, तळ वाचा म्हणालात ते तेव्हा पटलं. गेन इतका कमी करायचा की स्वतःचं जिग जेमतेम दिसेल, मग गवत गायब होतं आणि उरतो तो मासा.

त्यानंतर मात्र मजा आली. १२ भोकं पाडायची, एक-एक तपासायचं, मुलगी पुढे पळत जाऊन झाऱ्याने बर्फाचा चुरा काढते आणि मी मागून डबडं घेऊन. काकू, तुम्हाला वाटलं होतं ती कंटाळेल, तर उलट झालं, रेघ वर यायला लागली की तीच ओरडते "बाबा लाल, बाबा लाल!" सहा फेऱ्यांत २३ मासे. एक १९ इंची वॉलआय, संध्याकाळी पाच वाजता, अंधार पडता पडता.

पण गेल्या शनिवारी गंमत झाली. ऑफिसातला मित्र कॅमेरा घेऊन आला होता. आम्ही २४ फुटांवर उतारावर बसलो होतो आणि माझा फ्लॅशर अर्धा तास रिकामा, तळ आणि जिग, बाकी काही नाही. मी म्हटलं चला उठा, इथे काही नाही. त्याने कॅमेरा सोडला, फिरवला, आणि उताराच्या खालच्या अंगाला पाच पर्च पोट टेकून बसलेले, आमच्या जिगकडे बघत! घनफळ, तुमच्या पोस्टची अक्षरशः आठवण झाली. मी जिग तळावर आपटून चिखल उडवला तसे दोन उठले आणि एक लागला, ११ इंची.

इथपर्यंत सगळं छान. पण मुलीने तो पाच मिनिटं स्क्रीनवर बघितला होता. त्याचे पट्टे मोजले होते, सात. नाव ठेवलं होतं, वाघोबा. घरी येऊन मी हळद-तिखट लावून रव्यात घोळवायला घेतला तर रडारड, वाघोबाला तळायचं नाही म्हणून. शेवटी फ्रीजरमध्ये आहे. आई फोनवर म्हणाली हे असले लाड, आमच्या वेळी बांगड्याला नाव ठेवलं असतं तर उपाशी मेलो असतो.

सिमको_काकू | २६ जानेवारी, रात्री १०:०५

हहपुवा! माझा भाचा अजून पर्च खात नाही, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

पहारवाला | २६ जानेवारी, रात्री १०:२०

म्हणून म्हणत होतो, फ्लॅशर. रेघेला कोणी नाव ठेवत नाही.

बर्फातला_बंडू | २६ जानेवारी, रात्री १०:३२

पहारवाले, उशीर झाला. मित्राने कॅमेरा महिनाभर ठेव म्हणून सांगितलाय आणि तो आता तिच्या खोलीत आहे. मार्चमध्ये लोक शॅक काढतात तेव्हा सेकंडहँड कॅमेरे स्वस्त मिळतात का हो? घरी अजून बोललो नाहीये.